स्कॉटलंडच्या सार्वमतात एक पुणेरी मत

२०१४ ची गोष्ट. एडिंबराला येऊन मला जेमतेम दोन वर्षं झालेली आणि घरी मतदार नोंदणीचा फॉर्म आला. मला वाटलं आपला काय संबंध, पासपोर्ट तर भारताचा. पण नाही, कॉमनवेल्थ देशांचे नागरिक जे इथे रीतसर राहतायत त्यांना मत होतं, १६ वर्षांच्या पोरांना होतं, आणि लंडनला नोकरीला गेलेल्या अस्सल स्कॉटिश माणसाला मात्र नव्हतं! म्हणजे स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का हे ठरवायला सदाशिव पेठेतली मी चालत होते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पण ते इंग्लंडच ना?"

हेच वाक्य मी पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजोबांसमोर बोलले होते. रिटायर्ड बस ड्रायव्हर, एकटेच राहायचे. त्यांनी मला जिन्यातच उभं करून पाऊण तास इतिहास शिकवला, हातात दुधाची बाटली तशीच.

त्यांचं म्हणणं एकच, आम्हाला कुणी जिंकलं नाही, आमच्याच लोकांनी आम्हाला विकलं. १६०३ मध्ये स्कॉटलंडचाच राजा इंग्लंडच्या गादीवर बसला, पण पार्लमेंट दोन्हीकडे वेगळीच राहिली. मग १६९८ ला स्कॉटिश लोकांनी पनामाजवळ डेरियनला वसाहत करायचा घाट घातला, सरदारांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांनी पैसे लावले, आणि दोन वर्षांत सगळं मातीत. ताप, उपासमार, वर स्पॅनिश सैन्य, आणि इंग्लंडच्या वसाहतींना वरून हुकूम की यांना मदत करायची नाही. देश कफल्लक झाला. १७०७ मध्ये विलीनीकरणाचा करार झाला तेव्हा इंग्लंडने ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग मोजले, त्यातला बराच पैसा डेरियनमध्ये बुडालेल्या भागधारकांना भरपाई म्हणून गेला. रस्त्यावर दंगली चालू होत्या आणि आत पार्लमेंट स्वतःलाच बरखास्त करायला मत देत होतं. आजोबा तो शेवटचा १० शिलिंगचा आकडा दर वेळी आवर्जून सांगायचे, जणू त्यांच्याच खिशातून गेले.

पण चर्च, कायदा आणि शिक्षण हे मात्र स्कॉटिश लोकांनी सोडलं नाही, त्यामुळे देश गेला तरी स्कॉटिशपणा शिल्लक राहिला असं मला वाटतं. १९७९ च्या सार्वमतात स्वतःच्या विधिमंडळाच्या बाजूने ५१.६ टक्के मतं पडली, तरी एकूण मतदारांच्या ४० टक्के हवीत या अटीमुळे ते हुकलं. १९९७ ला मात्र ७४ टक्के. आणि १९९९ च्या मे महिन्यात पहिली बैठक भरली तेव्हा सगळ्यात ज्येष्ठ सदस्या विनी युइंग यांनी जाहीर केलं की २५ मार्च १७०७ ला तहकूब झालेलं पार्लमेंट पुन्हा सुरू होतंय. २९२ वर्षांची तहकुबी! आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगा पण इतक्या लांबत नाहीत.

एकदा मात्र आमचं वाजलं. आजोबा म्हणाले, तुम्ही आणि आम्ही सारखेच, दोघंही इंग्रजांचे मारलेले. आता मी पुण्याची, मी कशी गप्प बसणार. म्हटलं, पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील, एल्फिन्स्टन स्कॉटिश, १८१८ ला दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला तो जॉन माल्कम स्कॉटिश, नंतर दोघंही मुंबईचे गव्हर्नर, आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तुमच्या बॅन्फचा. शनिवारवाड्यावर जो ब्रिटिश झेंडा चढला त्यात तुमच्या स्कॉटलंडचा निळा-पांढरा क्रॉस पण होता की. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे आम्हाला शाळेत नाही शिकवलं. आणि चहा टाकायला आत गेले.

१८ सप्टेंबरला आम्ही दोघं बरोबरच गेलो, जवळच्या प्राथमिक शाळेत. नाव-पत्ता सांगितला, ओळखपत्र कुणी विचारलंच नाही, छोट्या आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल. चिठ्ठीवर एकच प्रश्न, दोन चौकोन. आजोबांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, पेन्सिल खोडता येते म्हणून. हो किंवा नाही, बस, आणि मला हात थरथरल्यासारखं झालं, कारण जे काही होईल ते यांचं होणार आणि मी उद्या कदाचित विमानात बसून निघून पण जाईन.

निकाल ५५ विरुद्ध ४५, 'नाही'च्या बाजूने. मतदान ८४.६ टक्के. ग्लासगो 'हो' म्हणालं, आमचं एडिंबरा नाही. सकाळी जिन्यात आजोबा भेटले, खिडकीतलं 'हो'चं पोस्टर काढलं नव्हतं. मी कुठे शिक्का मारला हे त्यांनी विचारलं नाही, कधीच नाही.

आईने मात्र विचारलं. आधी म्हणाली, बोटाचा फोटो पाठव. मी म्हटलं इथे शाई लावत नाहीत. "मग कशावरून तू मत दिलंस?"