आमची वाटचाल: पाकिटाआधी हिशेब

लातूरच्या डाळ मिलवाल्यांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं: "भाऊ, पाकीट तेवढं झकास करून द्या." पाकिटं आणि लोगो डिझाइन करणारी आमची फर्म नवी होती तेव्हा आम्ही लगेच रंग निवडायला बसायचो. आता आधी विचारतो, महिन्याला किती पाकिटं जातात, कोणत्या वजनाची जास्त आणि कुठल्या बाजारात? एवढं कळल्याशिवाय संगणक सुरू करत नाही.

कारण छपाईत आहे. रोटोग्रॅव्हुअरमध्ये, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरनं प्लास्टिक फिल्मवर होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. अर्धा किलोच्या पाकिटाचे निराळे, एक किलोचे निराळे. आठ रंगांचं देखणं डिझाइन दोन वजनांत छापायचं म्हटलं की सोळा सिलिंडर झाले. पुन्हा फिल्मची ऑर्डर किलोवर. समजा, छापणाऱ्याची किमान ऑर्डर 300 किलो आणि एका रिकाम्या पाकिटाचं वजन 10 ग्रॅम. म्हणजे 30,000 पाकिटं. मिल महिन्याला 1,500 विकत असेल तर 20 महिन्यांचा माल गोदामात पडून राहणार, आणि मध्येच पत्ता किंवा एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक बदलला तर उरलेले रोल भंगारात. अशा मिलला आम्ही पारदर्शक पाकीट आणि दोन रंगांचं लेबल सुचवतो. आमचं बिल लहान होतं, हे खरं. पण डाळ डोळ्यांना दिसते, गिऱ्हाईक आधी दाणाच बघतं, आणि मालकाचा पैसा तूर खरेदीला मोकळा राहतो.

मजकुराचंही तसंच. निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क यांची जागा आधी आखायची, चित्र नंतर. बारकोड पूर्ण मापात 37.29 बाय 25.93 मिलिमीटर, 80 टक्क्यांच्या खाली नेऊ नये. त्याच्या पट्ट्या लाल छापल्या तर स्कॅनरचा लाल प्रकाश त्या वाचतच नाही. आणि नाव सुचवताना जपून: निलंगा तालुक्यातल्या बोरसुरी तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या डाळीलाच लावता येतं. दुसरीकडची डाळ भरून ते नाव ठळक छापलं तर डिझाइन कितीही सुंदर असो, मालक कायद्याच्या कचाट्यात सापडतो.

आता आमच्या दराचं. शेजारचा किती घेतो ते बघून दर लावणं ही नव्या डिझायनरची सगळ्यात महाग पडणारी सवय. हिशेब असा करावा: समजा भाडं, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, दोघांचे पगार आणि डिझाइन फर्मच्या मालकाचा स्वतःचा पगार धरून महिन्याचा खर्च 84,000 रुपये. मालकाचा पगार धरायचाच. तो बरेच जण विसरतात. तिघांचे मिळून 600 तास भरतात, पण भेटी, कोटेशन आणि दुरुस्त्या यांत निम्मे जातात. बिलात येणारे तास 300. तासाला 280 रुपये नुसता खर्चच निघाला. त्यावर 30 टक्के नफा आणि गंगाजळी धरली की 364. चाळीस तासांचं काम 14,560 रुपयांच्या खाली घेतलं तर फरक आपल्या खिशातून जातो.

दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या कोटेशनमध्येच लिहाव्यात, तिसरीपासून तासाचा दर. मंजुरी कोण देणार त्या एकाचंच नाव घ्यावं. नाहीतर धाकटा भाऊ हिरवा म्हणतो, थोरला भगवा, आणि फाइल फिरत राहते.

लोगोचे हक्कही लेखी द्यावेत. कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते 5 वर्षांचंच धरलं जातं. पुढे ट्रेडमार्क घ्यायचा असेल तर हा कागद मिलमालकाच्याच उपयोगाचा, हे आम्ही समजावून सांगतो.

वसुलीत मात्र हंगाम कळला पाहिजे. जानेवारी-फेब्रुवारीत तूर आडतीवर येते आणि मिलची रोकड खरेदीत अडकते. त्या दिवसांत शेवटचा हप्ता मागितला तर "जरा थांबा" हेच उत्तर येणार. म्हणून काम दिवाळीआधी संपवायचं. सुरुवातीला 50 टक्के, डिझाइन मंजुरीला 30, छपाईची फाइल देण्याआधी 20. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवावी: एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. ही अट आम्ही बिलावर छापतो, आणि पहिल्या भेटीतच मालकांना वाचून दाखवतो.