उसाच्या पानाची जखम आणि स्टेरॉइडचे थेंब: माझा अनुभव

आडसाली उसाचे पाचट काढताना एका पानाची धार माझ्या उजव्या डोळ्याला लागली. पाणी थांबेना, उजेड सोसेना, म्हणून डोळे आले की सर्रास आणले जातात तेच थेंब मी औषधांच्या दुकानातून आणले. दोन दिवसांत लाली उतरली, ठणका थांबला आणि मी निर्धास्त झालो. बाटलीवर अँटिबायोटिकच्या नावाशेजारी ‘डेक्सामेथासोन’ असेही छापलेले होते. ते स्टेरॉइड असते, हे मला ठाऊक नव्हते.

सहाव्या दिवशी नजर धुरकट झाली आणि बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागला. तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा जखम हिरवी चमकली. डोळा बधिर करून त्यांनी जखमेची कड खरवडली, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकातून बुरशीचे तंतू मलाही दाखवले.

साधा ओरखडा असेल तर कडेच्या पेशी सरकत येऊन उघडी जागा झाकतात आणि वरचा थर बहुधा एक ते तीन दिवसांत भरून येतो, असे त्यांनी समजावले. स्टेरॉइडमुळे हे सरकणे मंदावते, खालच्या थराची डागडुजी रेंगाळते आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही थोपवल्या जातात. लाली आणि ठणका हे त्या लढ्याचेच परिणाम असल्यामुळे, मला बरे वाटत होते नेमक्या त्याच दिवसांत बुबुळावरच्या जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पडद्यात बुरशी खोल उतरत होती. हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला.

ते थेंब बंद झाले आणि ५ टक्के नॅटामायसिन हे बुरशीवरचे औषध सुरू झाले. बाटली हलवून, जागेपणी दर तासाला एक थेंब टाकायचा. पत्नीने घड्याळ लावून ते सांभाळले. जखम भरायला सात आठवडे लागले आणि मागे फूल, म्हणजे पांढरट डाग, राहिले.

ते पुसट करण्यासाठी आता तरी स्टेरॉइड चालेल का, असे मी विचारले. जिवाणूंमुळे झालेल्या जखमांच्या ५०० रुग्णांवरील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा त्यांनी दाखला दिला: आधी अँटिबायोटिक देऊन मग स्टेरॉइड जोडले, तरी तीन महिन्यांनंतर, स्टेरॉइड न दिलेल्यांच्या तुलनेत, एकूण रुग्णांच्या नजरेत फरक आढळला नाही. बुरशीच्या डोळ्यात तो धोका त्या पत्करणार नव्हत्या, आणि मला ते पटले.

फूल बुबुळाच्या कडेला असल्याने वाचता येते. रात्री मात्र समोरच्या गाडीचा दिवा त्या डोळ्याला विस्कटलेला दिसतो.