लेक जर्मन, आई भारतीय: विभक्त झाल्यावर जर्मनीत राहण्याचा परवाना

"लग्न मोडलं की व्हिसा गेला" हे जर्मनीतल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याने रात्रीतच सामान बांधायला घ्यावं. माझं आणि माझ्या जर्मन नवऱ्याचं पटेनासं झालं तेव्हा मलाही हेच ऐकवलं गेलं. पुण्याहून आईचा एकच धोशा, "पोरीला घे आणि ये." पण पोरीचा कायदेशीर ताबा आम्हा दोघांकडे. बापाच्या संमतीशिवाय तिला कायमचं भारतात नेणं हा इथे गुन्हा ठरू शकतो, हे आईला फोनवर कसं समजावणार?

ग्रुपवरची माहिती अर्धी खरी होती. जोडीदाराच्या आधारावर मिळालेला परवाना वेगळं झाल्यावर स्वतःच्या हक्काने टिकवायचा, तर साधारणपणे जर्मनीत किमान ३ वर्षं एकत्र संसार झालेला असावा लागतो. आमचा त्याआधीच विस्कटला. उरलेली अर्धी माहिती मला एका मोफत सल्ला केंद्रातल्या बाईंनी दिली. निवास कायद्याचं २८वं कलम त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. अल्पवयीन, अविवाहित जर्मन मुलाचा सांभाळ करायला परदेशी आई किंवा बाप जर्मनीत राहत असेल, तर त्याला परवाना द्यायचाच असतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. बाप जर्मन असल्याने माझी लेक जन्मतःच जर्मन आहे. म्हणजे मला नवऱ्याच्या नव्हे, तर लेकीच्या नावावर अर्ज करायचा होता.

युरोपीय न्यायालयानेही २०११ साली रुइझ झांब्रानो खटल्यात याच दिशेने निकाल दिला होता. आईबाप कोलंबियाचे, दोन मुलं बेल्जियन. आईबापांना देश सोडायला लावला तर मुलांनाही युरोपबाहेर जावं लागेल, मग त्यांच्या युरोपीय नागरिकत्वाला अर्थ काय उरला? वाचून धीर आला, पण बाईंच्या मते तो शेवटचा आधार. जर्मनीत मूल जर्मन असेल तर देशी कायद्यातच काम भागतं.

जुना परवाना संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे, हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा. तसा गेला की निर्णय होईपर्यंत 'फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग' नावाचा तात्पुरता कागद मिळतो आणि जुने हक्क, नोकरीसकट, चालू राहतात. माझ्या एचआरने तो कागद तीनदा उलटासुलटा करून पाहिला.

जन्मदाखला, लेकीचा पासपोर्ट, दोघींचा पत्ता एकच असल्याचा दाखला हे सगळं सरळ होतं. काउंटरवरच्या माणसाने तरीही पगाराच्या स्लिपा मागितल्या. मी कलमाची प्रिंट पुढे केली. तो आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला आणि स्लिपांचा विषय तिथेच संपला. मग म्हणाला, "मुलीचं रोजचं कोण बघतं?" कायद्याला नुसती आई पुरत नाही, सांभाळणारी आई लागते. माझ्याकडे किताचं, म्हणजे इथल्या पाळणाघराचं, पत्र होतं, पण त्याने हात घातला तो पिवळ्या वहीला. इथे मुलांच्या सगळ्या ठरावीक तपासण्या त्या वहीत भरतात. पहिल्या पानावर लेकीचं जन्माचं वजन, पुढे डॉक्टरांचे शिक्के आणि एका कोपऱ्यात तिनेच मेणखडूने काढलेला हत्ती. तो हत्तीपाशी थांबला, हसला आणि वहीची झेरॉक्स काढायला गेला. हत्तीसुद्धा फाइलला लागला असणार.

कार्ड आलं तीन वर्षांचं, कुठलीही नोकरी करायच्या मुभेसह. परवान्याचा प्रकार बदलला म्हणून फी ९८ युरो. बापाने आठवड्यातले ठरलेले दिवस पाळले काय, न पाळले काय, माझ्या कार्डाला आता त्याची झळ लागत नाही.

पुढचा टप्पा कायम वास्तव्याचा. त्यासाठी बी-१ पातळीचं जर्मन लागतं आणि तो वर्ग नेमका किता सुटायच्या वेळेला आहे. संध्याकाळची बॅच कुणाला माहीत असेल तर सांगा.