हात लावून बघता येत नाही अशी वस्तू

सोलापुरात चादर घेताना लेबल कुणी वाचत नाही. घडी उलगडायची, कापड मुठीत दाबायचं, उजेडाकडे धरून वीण बघायची, तळहातावर वजन तोलायचं आणि मग भावाला हात घालायचा. अशा गावात आयुष्य काढलेल्या माणसाला अँटिव्हायरस निवडायला सांगितलं की त्याची पंचाईत होते. पूर्वी खोक्यात निदान सीडी तरी असायची. आता एक लांबलचक नंबर छापलेलं कार्ड निघतं. दाबणार काय आणि उजेडाकडे धरणार काय?

मग लोकांना विचारणं आलं. नवी पेठेतल्या दुकानदाराला म्हटलं, कुठलं चांगलं? तो म्हणाला, "काका, एक वर्षाचं नका घेऊ, तीन वर्षांचं टाका की, परवडतंय." कुठलं ते राहिलंच. पुण्याला नोकरीला गेलेला भाचा (सोलापुरात प्रत्येकाला असा एक असतोच) फोनवर म्हणाला, "मामा, काही घेऊ नका. विंडोजमधलं पुरे आहे." फुकटची वस्तू चांगली असते यावर आमच्या पिढीचा विश्वास बसत नाही, म्हणून तो सल्ला बाजूला ठेवला.

शेजारचे अण्णा टॉवेलच्या धंद्यातले. त्यांनी दोन-दोन टाकलीत. "एक झोपलं तर दुसरं जागं राहतंय की!" प्रत्यक्षात दोन्ही जागीच असतात, आणि तीच अडचण. कुठलीही फाईल उघडली की दोघंही ती तपासायला धावतात आणि वर एकमेकांच्या हालचालीचाही संशय घेतात. अण्णा टॅली, म्हणजे हिशेबाचा प्रोग्रॅम, सुरू करून चहा मांडायला सांगतात. चहा होतो, पिऊनही होतो, टॅली उघडतच असते. आणि एवढा बंदोबस्त कशावर? विंडोज 7 वर, ज्याचे अपडेट मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्येच थांबवले.

अभिमानाचाही एक मुद्दा असतो. क्विक हील हे अँटिव्हायरस पुण्याच्या काटकर बंधूंचं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून थोरल्यानं सुरुवात केली, धाकट्यानं व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण कौतुक वेगळं आणि निवड वेगळी. कौतुकानं वीण कळत नाही.

शोधता शोधता कळलं की वीण बघणारी माणसं आहेत. जर्मनीत माग्डेबर्गला एव्ही-टेस्ट नावाची संस्था आहे. ती संरक्षण, संगणकाचा वेग आणि वापरातला त्रास यांना प्रत्येकी 6, असे 18 पैकी गुण देते. गेल्या काही वर्षांत विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरला तिथं अनेकदा पैकीच्या पैकी मिळालेत. भाच्याला हे सांगितलं नाही. उगाच शेफारायचा.

घरच्या घरी करण्याजोगी एक गंमतही सापडली. आयकार नावाची 68 अक्षरांची एक ओळ आहे. नोटपॅडमध्ये टाकून सेव्ह केली की चालू असलेल्या अँटिव्हायरसनं ओरडायला हवं. ती अगदी निरुपद्रवी असते, खास चाचणीसाठीच बनवलेली. मी केलं. डिफेंडरनं तत्काळ फाईल उचलून बाजूला टाकली आणि कोपऱ्यात सूचना झळकवली. मी खूश. मागून आवाज आला, "अहो, स्वतःहून व्हायरस आणलात होय घरात?"

तसा तो आणण्याची सोय आमच्याकडे आधीपासून आहे. मुलीचा पेन ड्राइव्ह. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर सगळ्यांचे पेन ड्राइव्ह एकाच संगणकाला लागतात. घरी आणून उघडावा तर फोल्डर गायब आणि जागी नुसते शॉर्टकट. रोगाची ही तऱ्हा जुनीच. 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी केलेला 'ब्रेन' फ्लॉपीवरून असाच हातोहात फिरला. त्यात त्यांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. एवढा सज्जन व्हायरस पुन्हा झाला नाही.

उलट मे 2017 चा वॉनाक्राय. त्यानं जगभरच्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, आणि तडाखा बसलेल्यांत विंडोज 7 वाल्यांचाच भरणा मोठा होता. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता. 'नंतर आठवण करा' हे बटण दाबणाऱ्यांत मी एकटा नव्हतो, एवढाच काय तो दिलासा. अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बघतो. जुनं टॅली चालतंय का त्यात?" प्रश्न रास्त आहे. धंदा थांबवून कोण अपडेट करतंय?

माझ्यापुरतं मी डिफेंडरच ठेवलं आणि अपडेट आपोआप होऊ दिले. उरलेल्या पैशांत बाहेरची हार्ड डिस्क घ्यायची ठरवली. लग्नाचे फोटो, शेतीचे कागद, मुलीचे दाखले त्यात भरायचे आणि ती काढून कपाटात ठेवायची. कपाटातल्या डिस्कमधल्या फायलींना खंडणीवाला कुलूप कसं घालणार? ती घ्यायला पुन्हा त्याच दुकानात गेलो. अँटिव्हायरस नको म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. हार्ड डिस्क मात्र त्यानं हातात दिली. मी सवयीनं वजन तोललं.

"काका, तीन वर्षांचं नको तर नको," तो म्हणाला. "हिला कव्हर तरी घ्या की."