पहिला बोर्ड पॉवर सप्लायचाच करा

इलेक्ट्रॉनिक्सचं शेवटचं वर्ष आलं की मुलं विचारतात, "ताई, हार्डवेअर डिझाइनमध्ये शिरायचंय, कोणता क्लास लावू?" मी क्लास सुचवत नाही. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा एक बोर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करा, असं सांगते. बरेच जण हिरमुसतात. त्यात काय, ७८०५ ही ५ व्होल्ट देणारी तयार आयसी (चिप) लावली की झालं!

लावा की. पण आधी हिशेब मांडा. लोड अर्धा अँपिअर घेतोय, आयसीवर ७ व्होल्ट पडतायत, म्हणजे साडेतीन वॅटची उष्णता. आता डेटाशीटमधला, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातला, थर्मलचा तक्ता काढा. टीओ-२२० पॅकेजला (आयसीच्या नेहमीच्या तीन पायांच्या आवरणाला) उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, नसेल, तर एका वॅटमागे आतलं तापमान साधारण ६५ अंशांनी चढतं. साडेतीन वॅटला सव्वादोनशेच्या वर. त्यात नागपूरच्या मे महिन्याचे ४५ अंश मिळवा. या आयसीच्या सिलिकॉनला १२५ च्या पुढे चालवायचं नसतं. ही आयसी इतकं तापण्याआधीच स्वतःला बंद करते, गार झाली की परत चालू होते, आणि तुम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसता. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा अँपिअरचा मोठा आकडा खरा असतो, पण पुरेशा हीटसिंकसह. म्हणून मी नव्या मुलांना आतले तक्ते आणि त्यांखालच्या बारीक टिपा आधी वाचायला लावते.

मग बक कन्व्हर्टरकडे वळा, म्हणजे करंट वेगाने चालू-बंद करून, इंडक्टरच्या (कॉइलच्या) मदतीने व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटकडे. खरं शिक्षण तिथे सुरू होतं. इनपुट कपॅसिटर आयसीच्या पिनांना अगदी चिकटून हवा, कारण तिथल्या लूपमधून (करंटच्या बंद वाटेतून) करंट क्षणात चालू-बंद होतो. लूप मोठा झाला की नॉइज वाढलाच. छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर १० मायक्रोफॅरड लिहिलेलं असलं, तरी डीसी व्होल्टेज लागल्यावर ते निम्म्यावर येऊ शकतं. रिपल, म्हणजे आउटपुट व्होल्टेजमधली बारीक चढउतार, मोजताना ऑसिलोस्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावा, नाहीतर बोर्डावर नसलेले स्पाइक स्क्रीनवर दिसतात.

खर्चाची भीती नको. बोर्डाचं डिझाइन करायचं कीकॅड (KiCad) हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि व्यावसायिक कामाला पुरतं. पुण्यात असाल तर सुटे भाग घ्यायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड.

सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मित्रापेक्षा बहुधा कमी असेल. घरी तुलना होईल, त्रास होईल. तरीही ज्याला हे आवडतं त्याने यावं, असं मला मनापासून वाटतं. आम्हाला अशी माणसं हवी आहेत.

मुलाखतीला येताना तो बोर्ड बरोबर आणा, मोजलेल्या आकड्यांच्या वहीसकट. मी पहिला प्रश्न हाच विचारते: हाच इंडक्टर का निवडला? सॅच्युरेशन करंट (ज्याच्या पुढे इंडक्टर नीट काम करत नाही), रिपल, कॉइलचा रेझिस्टन्स यांवर जो पाच मिनिटं बोलू शकतो, त्याच्या मार्कशीटकडे मी नंतर बघते.