टेक्सासमध्ये हँडगन प्रशिक्षक होताना

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र न ठरलेल्या आणि २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला परवान्याशिवायही हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, जवळ बाळगता येते. त्यामुळे परवान्याच्या वर्गाचा प्रशिक्षक होण्यासाठी मी अर्ज करतो आहे हे कळल्यावर ह्यूस्टनमधल्या मराठी मित्रांनी पहिला प्रश्न केला तो ‘आता तुमच्याकडे शिकायला येणार कोण?’ हाच. शंका रास्त होती. तरीही टेक्सासचा परवाना मानणाऱ्या इतर राज्यांत जाणारे लोक येतात. आणि पिस्तूल नुकतेच विकत घेतलेले, पण ते घरात कसे ठेवावे हे कुणाला विचारावे असा प्रश्न पडलेले लोकही येतात.

प्रशिक्षकाची पात्रता राज्याच्या शासनविषयक संहितेतील कलम ४११.१९० मध्ये दिली आहे. पोलीस दलाच्या प्रशिक्षणाशी संबंधित प्रमाणपत्र, मान्य अभ्यासक्रमाचे शिक्षण व शिकवण्याचा नियमित अनुभव, किंवा नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेचे हँडगन प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र, असे मार्ग त्यात आहेत. मी शेवटचा निवडला. त्यानंतर राज्याचा सार्वजनिक सुरक्षा विभाग, म्हणजे डीपीएस, परवान्याच्या अर्जदाराची करतो तशीच तुमची पूर्वचौकशी करतो, आणि जो स्वतः परवान्याला पात्र नाही त्याला प्रशिक्षक होता येत नाही. विभागाच्या प्रशिक्षणाचे शुल्क १०० डॉलर आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या मंडळींनी मात्र हे ध्यानात घ्यावे की शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांना केंद्रीय कायद्यानेच बंदूक बाळगता येत नाही.

नेमबाजीच्या चाचणीत ५० गोळ्या झाडायच्या असतात: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १०. एकूण २५० गुणांपैकी परवाना मागणाऱ्याला १७५ पुरतात, प्रशिक्षकाला २२५ लागतात. पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलने पोटावर झोपून, श्वास सांभाळत, सावकाश नेम धरण्याची सवय झालेल्या माझ्यासारख्याला उभ्याने आणि ठरलेल्या वेळेत गोळ्या झाडणे हे वेगळेच काम वाटले. तरी सराव केला की हात बसतो, आणि म्हणूनच या भागाचा लोक जेवढा बाऊ करतात तेवढा मला पटत नाही.

खरा अभ्यास कायद्याचा होता. प्राणघातक बळ कधी न्याय्य ठरते हे सांगणारे दंडसंहितेचे नववे प्रकरण, बंदूक नेण्यास मनाई असलेली ठिकाणे, परवानाधारकाला लपवलेली हँडगन आत आणण्यास मनाई करणारी कलम ३०.०६ ची इंग्रजी व स्पॅनिश भाषांतली किमान एक इंच उंच अक्षरांची पाटी, हे सारे दुसऱ्याला समजावता येईल इतके पक्के व्हावे लागते. वादविवाद हिंसेशिवाय मिटवण्याची पद्धत शिकवता येणे हीसुद्धा कलमात लिहिलेली पात्रता आहे. गाडी आडवी घातली म्हणून खिडकीतून हातवारे करणाऱ्याशी कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाने कसे वागावे, यावर वर्गात मी जेवढा वेळ देतो तेवढा नेम धरण्यावर देत नाही.

प्रशिक्षकाला शिकवता यावेत म्हणून कलमात दिलेल्या विषयांतला चौथा सुरक्षित साठवणुकीचा, आणि आपल्या घरांसाठी मला तो सर्वांत निकडीचा वाटतो. दंडसंहितेच्या कलम ४६.१३ नुसार निष्काळजीपणाने ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे, आणि चेंबरमध्ये, म्हणजे झाडण्यापूर्वी गोळी बसते त्या कप्प्यात, गोळी नसली तरी मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या डबीत, गोळ्या असल्या तर बंदूक भरलेलीच समजली जाते. ‘मॅगझिन आत आहे, पण चेंबर रिकामे आहे, म्हणजे काळजी नाही’ असे मला अगदी शिकलेल्या लोकांनीही सांगितले आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजीआजोबा कपाटे आवरत असतात, शनिवारी मुलांचे मित्र घरभर फिरत असतात. अशा घरात कपड्यांच्या घडीखाली ठेवलेले पिस्तूल लपलेले राहत नाही. तेव्हा कुलूपबंद पेटी आधी घ्या आणि किल्ली कुणाकडे राहील तेही ठरवा, असे मी वर्गात स्पष्ट सांगतो.

प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते. नूतनीकरणासाठी पुन्हा १०० डॉलर भरून विभागाचे उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि मधल्या अधिवेशनात विधिमंडळाने बदललेली कलमे नव्याने वाचावी लागतात.