चिंचोक्याएवढा खळगा : आमची वाटचाल

आमच्या बारा इंची गोल कुंडीच्या काठाखाली, साधारण दोन बोटे अंतरावर, चिंचोक्याएवढा एक खळगा असतो. हात फिरवल्याशिवाय तो सहसा लक्षात येत नाही. 2008 साली आम्ही पहिला लोखंडी साचा करून घेतला, तेव्हा फॅब्रिकेटरकडच्या मुलाने आतल्या बाजूचे वेल्डिंग नीट घासले नाही आणि तेथे एक बारीक फुगवटा राहिला. साच्यावर फुगवटा असेल तर कुंडीवर खळगा पडणारच. पुढच्या रविवारी ग्राइंडर आणून तो काढू असे ठरले होते. तो रविवार आजवर उगवलेला नाही, आणि नंतर जे घडले त्यामुळे तो उगवला नाही याचे मला समाधानच आहे.

धंद्याची सुरुवात घराच्या मागच्या अंगणात झाली. 2004 साली मी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत हिशेब लिहीत होतो. सोरतापवाडी ते उरुळी कांचन हा पट्टा रोपवाटिकांचा असल्यामुळे मातीच्या कुंड्यांचे ट्रक रोज येत, आणि प्रत्येक ट्रकमागे फुटलेल्या कुंड्यांचा ढीग वेगळा काढून त्याची वजावट मलाच लिहावी लागे. त्या वजावटीकडे पाहूनच सिमेंटच्या कुंडीचा विचार मनात आला. आमच्या गल्लीत एक गवंडी राहत, त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांच्यासमोर मी वीस लिटरची एक आणि बारा लिटरची एक अशा दोन प्लॅस्टिकच्या बादल्या ठेवल्या आणि मधल्या जागेत सिमेंट-वाळूचा माल भरला तर काय होईल असे विचारले. नानांनी उत्तर देण्याऐवजी घमेले मागितले.

पहिली कुंडी बिघडली, कारण माल ठासताना आतली बादली वर उचलली गेली. दुसऱ्या वेळी आतल्या बादलीत विटांचे तुकडे भरले, दोन्ही बादल्यांना खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि तळाच्या भोकासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा ओल्या कागदात गुंडाळून उभा केला. दुसऱ्या दिवशी बादली उपडी करून नानांनी तळावर तळहाताने दोन थापा मारल्या आणि कुंडी अलगद सुटून आली. वीस लिटरच्या बादलीत आतून लिटरच्या खुणा उठावदार असतात. त्या कुंडीच्या अंगावर उलट्या उमटल्या होत्या, आणि आम्ही दोघे त्या आकड्यांकडे पाहून बराच वेळ हसलो.

नानांच्या हत्यारांविषयी लिहिले नाही तर हे लेखन अपुरे राहील. माल उचलायची एक थापी, तो सपाट करायचा एक लाकडी रंधा आणि गुळगुळीत घोटायचा एक लोखंडी गुरमाळा, एवढ्यावर त्यांनी आमच्याकडे बारा वर्षे काम केले. त्यांचा गुरमाळा घासून घासून एका कडेला पातळ झाला होता, आणि काठाची गोलाई ते त्याच कडेने घोटत. नवा गुरमाळा आणून दिला, तर त्यांनी तो कौतुकाने पाहिला, पुसला आणि खुंटीला टांगून ठेवला. माल कालवताना पाणी मोजून घालण्याची सक्तीही त्यांचीच. मुठीत दाबलेला माल गोळा धरून राहिला पाहिजे आणि बोटांमधून पाणी सुटता कामा नये, ही त्यांची कसोटी होती. सिमेंट एक भाग, वाळू तीन भाग, भिंत एक इंच आणि आत कोंबडी जाळी, हे प्रमाण त्यांनी पहिल्या महिन्यात ठरवले आणि आम्ही ते आजही मोडलेले नाही. पन्नास किलोच्या एका पोत्यात अशा तेरा-चौदा कुंड्या होतात.

जाळीबद्दल एक गोष्ट मला फार नंतर वाचायला मिळाली. कुंड्या फुटतात म्हणून कंटाळलेल्या जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालून कुंड्या आणि टाक्या करायला सुरुवात केली आणि 1867 साली त्याचे पेटंट घेतले. आज पूल आणि इमारती ज्या आरसीसीवर उभ्या आहेत, त्याच्या मूळपुरुषांत या माळ्याची गणना होते. मी हे नानांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘मग त्यात काय, ज्याची कुंडी फुटते त्यालाच सुचणार.’’

आमच्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांत पुण्याच्या सहकारनगरमधल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना आम्ही बाई म्हणत असू. त्यांनी 2005 साली गच्चीसाठी सहा कुंड्या नेल्या आणि दोन महिन्यांनी स्वतः रिक्षा करून परत आल्या. त्यांच्या हातात अनंताची एक फांदी होती. पाने पिवळी पडली होती आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या. तुळस आणि सदाफुली त्याच कुंड्यांत उत्तम वाढत होत्या, एकटा अनंतच का सुकला, याचे उत्तर त्यांना हवे होते. त्या वेळी ते माझ्याकडे नव्हते. पुढे कळले ते असे, की ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, त्याने माती अल्कधर्मी होते, आणि अनंतासारख्या आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडाला अशा मातीतले लोह घेता येत नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कुंडी हौदात बुडवून तीन आठवडे ठेवतो आणि दर चार-पाच दिवसांनी हौदाचे पाणी बदलतो. कोणाकडूनही कुंडी घ्या, आमच्याकडूनच घ्या असे नाही, पण घरी नेल्यावर ती लगेच मातीने भरू नका. बाहेरून पांढरा खार फुटला तर घाबरण्याचे कारण नाही, पण तो फुटतो आहे म्हणजे चुना अजून सुटतो आहे, एवढे ध्यानात ठेवावे. बाईंनी त्यानंतर आमच्याकडून किती कुंड्या नेल्या याची मोजदाद नाही. एवढे खरे, की त्यांनी एकदाही भाव केला नाही आणि एकदाही उधारी ठेवली नाही.

2006 ते 2013 या काळाबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. काम चालू होते, रस्त्याला लागून भाड्याची शेड घेतली, माणसे दोनाची सात झाली.

2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण परवानगीशिवाय होणाऱ्या वाळूउपशावर बंदी घातली आणि आमची खरी परीक्षा सुरू झाली. तोवर आम्ही दौंडकडची भीमेची वाळू वापरत होतो. तिचा भाव बघता बघता आवाक्याबाहेर गेला आणि जी मिळे तिची पावती मिळेना. निमूटपणे आम्ही वाघोली-लोणीकंदच्या खाणींतल्या क्रश सॅण्डकडे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूकडे वळलो. क्रश सॅण्ड वाईट नसते, धुतलेली घेतली तर ती चांगलीच असते, परंतु धुतलेली महाग आणि न धुतलेली स्वस्त, आणि मी स्वस्त घेतली. तिच्यात दगडाचा भुगा इतका होता की तोच गोळा धरण्यासाठी माल जास्त पाणी मागू लागला. नानांनी पहिल्याच दिवशी मूठ दाबून पाहिली आणि ‘‘हा माल नाही, हे पीठ आहे’’ असे म्हणून हात झटकले. मी ऐकले नाही.

त्याच सुमारास, 2014 च्या एप्रिलमध्ये, एका गृहप्रकल्पाची ऑर्डर आली. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा दोनशे चाळीस चौकोनी कुंड्या मे महिनाअखेर पोहोचवायच्या होत्या. आमच्याकडे त्या आकाराचे सहा साचे होते. साचा चोवीस तासांनी उघडतो, म्हणजे दिवसाला सहा कुंड्या, म्हणजे चाळीस दिवस. हिशेब कागदावर बसत होता, परंतु त्यात पाणी मारण्याचे दिवस मी धरलेच नव्हते. फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस ओले ठेवावे असे काँक्रीटसाठीचे भारतीय मानक 456 सांगते. मे महिन्यात शेडशेजारच्या विहिरीने तळ गाठला, टँकर एक दिवसाआड येऊ लागला, आणि शेवटच्या शंभरेक कुंड्यांना तीन दिवसांपेक्षा जास्त पाणी मिळाले नाही. ओले गोणपाट दुपारपर्यंत कडक होऊन जात असे. त्यात घाईने भरताना काही ठिकाणी जाळी साच्याला टेकून राहिली, म्हणजे तिच्यावर सिमेंटचे आवरणच उरले नाही.

जूनमध्ये कोपऱ्यांवर केसासारख्या चिरा दिसू लागल्या. पहिले दोन पाऊस झाल्यावर त्या चिरांमधून गंजाचे तांबडे ओघळ उतरले. प्रकल्पाच्या साइटवर मला बोलावून घेण्यात आले आणि एका तरुण अभियंत्याने माझ्यादेखत एका कुंडीच्या कोपऱ्यावर बुटाचे टोक हलकेच आपटले. कोपरा सुटून खाली पडला. त्याने वर पाहिले नाही, मीही पाहिले नाही. शहाण्णव कुंड्या परत पाठवण्यात आल्या, आणि ज्या ठेवून घेतल्या त्यांचेही पैसे अडवण्यात आले. चूक आमची होती, हे मी तेव्हाही नाकारले नाही. परंतु चांगल्या ठरवून प्रवेशद्वारापाशी मांडलेल्या एकशे चव्वेचाळीस कुंड्यांचे पैसे आजतागायत आलेले नाहीत, आणि त्या रस्त्याने जाताना त्यांत फुललेली बोगनवेल पाहून मला आनंद होत नाही, हेही लिहून ठेवतो. कोणी नवीन माणूस हे वाचत असेल तर त्याने मोठ्या ऑर्डरमध्ये निम्मी रक्कम साचा भरण्याआधी घ्यावी. नाते, ओळख आणि चहा यांपैकी काहीही आगाऊ रकमेची जागा घेत नाही.

पत्नीचे दागिने पतसंस्थेत ठेवून त्या दिवाळीला मजुरांचे पगार केले. सातांपैकी चार माणसे सोडून गेली, आणि त्यांत एक मुलगा होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. तो सतराव्या वर्षी आमच्याकडे आला, पाच वर्षे राहिला, नानांनी त्याला थापी धरायला शिकवले, आणि बाईंच्या गच्चीवर कुंड्या चढवायला तोच जात असे. घरी अडचण आहे असे सांगून तो गेला, आणि दिवाळीनंतर रस्त्याच्या पलीकडे त्याची शेड उभी राहिली.

धंदा कोणीही करावा, रस्ता काही माझ्या मालकीचा नाही. परंतु त्याच्या कुंड्या पाहायला मी गेलो तेव्हा सवयीने काठाखाली हात फिरवला आणि बोट खळग्यात गेले. पुढची कुंडी पाहिली, तिच्यातही खळगा होता. त्याने आमची एक कुंडी नेऊन तिच्यावरून फायबरचा साचा ओढला होता, आणि वेल्डिंगच्या पोराची चूक फायबरमध्ये जशीच्या तशी उतरली होती. मी काही बोललो नाही. त्याने मात्र मला खुर्ची दिली आणि ‘‘काका, चहा घ्या’’ म्हटले. मी चहा घेतला, याचा मला अजूनही राग येतो.

त्याचा माल एकास पाच होता, भिंत पाऊण इंचाची आणि जाळी नावालाही नाही. एका पोत्यात त्याच्या पंचवीस कुंड्या होत, आणि वरून पांढरा रंग इतका तुकतुकीत की रस्त्यावरून जाणारी गाडी आधी त्याच्याकडेच थांबे. साच्याला तो जळके ऑइल लावत असे. त्याने साचा सुटतो लवकर, परंतु तेल सिमेंटमध्ये मुरते आणि त्यावर रंग धरत नाही, दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात. आम्ही साबणाचे घट्ट पाणी लावतो. कुंडी घेताना रंग पाहू नका, ती बोटाच्या पेराने वाजवून पाहा. नीट भिजवलेली कुंडी खणखणीत बोलते, कच्ची किंवा तडकलेली बद्द आवाज देते. ती उचलताना काठाला धरू नका, तळाला हात घाला.

पुढे त्याच्या फुटलेल्या कुंड्या घेऊन लोक आमच्याकडे येऊ लागले, कारण काठाखालचा खळगा ही आमची खूण आहे असे जुन्या गिऱ्हाइकांना मीच कधीतरी कौतुकाने सांगितले होते. मी फुटलेली कड दाखवत असे, जाळी नाही हे दाखवत असे, आणि तरी काहींची समजूत पटत नसे. तशा अकरा कुंड्या मी बदलून दिल्या. नानांनी ग्राइंडर घेऊन तो फुगवटा काढून टाकण्याचा आग्रह धरला. मी नकार दिला. आमचा खळगा आम्ही का बुजवावा? 2016 च्या उन्हाळ्यात नानांनी काम थांबवले, त्या दिवशीही आमचे याच विषयावर बोलणे झाले होते. त्यांचा पातळ झालेला गुरमाळा ते घरी घेऊन गेले. नवा अजून खुंटीला आहे.

सावरायला चार वर्षे लागली. या काळात बाईंनी त्यांच्या ओळखीच्या गच्च्या एकामागून एक आमच्याकडे पाठवल्या. टाळेबंदी उठल्यावर लोकांना घरच्या बागेचे वेड लागले, त्याचाही हातभार लागला. पलीकडची शेड 2021 साली बंद झाली. तेथे आता टायरचे दुकान आहे. सध्या आमच्याकडे नऊ माणसे आहेत, आणि सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यापासून प्रत्येक गिऱ्हाईक भाव कमी करा म्हणते. धुतलेल्या वाळूचा भाव काय झाला आहे, हे मात्र त्यांच्यापैकी कोणी विचारत नाही.

गेल्या वर्षी बाईंची इमारत पुनर्विकासात गेली. बाई आता मुलाकडे राहतात, तेथे गच्ची नाही. मुलाचा फोन आला, की आई म्हणते कुंड्या भंगारात द्यायच्या नाहीत, तुम्ही घेऊन जा. आम्ही टेम्पो पाठवला. एकूण एकेचाळीस कुंड्या आल्या, त्यांतल्या दोन तडकलेल्या होत्या, त्याही उतरवताना आपटल्यामुळे. मी एकेक हाताखालून घालवत होतो आणि बोट आपोआप खळग्यात जात होते. शेवटच्या पाच कुंड्यांना खळगा लागला नाही. मी त्या उन्हात फिरवून पाहिल्या. शेवाळ्याखाली, काठापासून तळापर्यंत, लिटरचे आकडे उलटे उमटलेले होते.